मेंदूचा कायदा आणि आमचा अर्धा कप

विसरणाऱ्या माणसांमध्ये बसलं की किस्से भराभर साठतात. शिवाय तोच किस्सा पुन्हा सांगितला तरी निम्मा हॉल पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसतो!

मेंदूचं आरोग्य आणि मेंदूविकारांवरचं संशोधन यासाठी म्हणे कायदा येतोय. मसुद्यावर सूचना मागवल्यात, म्हणून आम्ही पेशंट आणि घरची माणसं दर रविवारी हडपसरला सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. मला पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात आहे.

*

आमच्याकडे चहा अर्धाच कप मिळतो. एका नव्या पाहुण्याने कपात डोकावून विचारलं, "पुणेरी पद्धत वाटतं?"

आमच्या अध्यक्ष वैद्यबाई, निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, "छे हो. पूर्ण भरला तर उरलेला तुमच्या शर्टावर येईल. शेजारी कोण बसलंय बघा!"

शेजारी मी बसलो होतो.

*

संशोधनाला वेगळा निधी हवा का, यावर हात वर करून मतदान झालं. माझा हात वर गेला, खाली आला, परत वर गेला.

"एकदाच द्या मत," वैद्यबाई म्हणाल्या. "बोगस मतदान चालणार नाही!"

*

कांबळेसाहेब सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. हाताखालच्या कुणाची रजा सहजी मंजूर करायचे नाहीत, अशी ख्याती! आता त्यांना डिमेन्शिया आहे. बायकोला, म्हणजे सुनंदाताईंना, ते ऑफिसातल्या कर्मचारी समजतात.

"बाई, आज उशीर झाला."

"हो साहेब, उद्या लवकर येते."

मी ताईंना विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. पण काल 'बाई, चहा उत्तम' म्हणाले. संसारात कधी म्हणाले नव्हते!"

*

पेशंटला सांभाळणाऱ्यांना अधूनमधून हक्काची सुट्टी मिळावी, तेवढे दिवस सरकारने माणूस द्यावा, ही सूचना वैद्यबाईंची. ती सुनंदाताईंनीच खोडायला लावली.

"आधी औषध शोधा म्हणावं. मला कसली सुट्टी?" असं म्हणून त्या भिंतीला टेकल्या आणि बसल्या बसल्या झोपल्या. मला फार वाईट वाटलं. सभा संपली तरी कुणी त्यांना उठवलं नाही.

*

शेवटी आमदार आले. आमच्या सूचना ते विधानसभेत मांडणार का, हे त्या भेटीवरच ठरणार होतं. वैद्यबाई संशोधनावर बोलल्या, मी औषधांच्या किमतींवर बोललो. आमदार मान हलवत होते, मधूनच मोबाईल बघत होते. मग उठलेच.

"चला, अजून काही राहिलंय?"

कांबळेसाहेब उभे राहिले. ताईंनी त्यांची बाही ओढली. "बसा हो, साहेब."

ते बसले नाहीत. ताईंकडे बोट करून जुन्या ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "या बाई रोज येतात. रविवारीसुद्धा. कधी रजा मागत नाहीत."

आमदार पुन्हा खाली बसले.

"मी मंजूर केलीय," कांबळेसाहेब म्हणाले. "तुम्ही फक्त सही करा!"