विजूताईंचा रुंद समास

विजूताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी दवाखान्यात त्यांना भेटून नुकताच घरी पोहोचलो होतो. निघताना त्या म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी अप्पांची पोथी आणा. खोकल्याच्या पानावर माझं थोडं लिहायचं राहिलंय..." त्याला आता दीड महिना होईल.

अप्पा म्हणजे माझे वडील. सायखेड्याला शेती सांभाळून ते झाडपाल्याची औषधं देत. नव्वदचं दशक संपत आलं होतं, त्यांची नजर अधू होत चालली होती, आणि त्यांना दिसतंय तोवर त्यांची औषधांची वही छापून हातात द्यावी, अशी माझी घाई होती. अप्पा मात्र वही सोडेनात. "छापलं म्हंजे मिटलं. मंग त्यात भर कशी घालायची?"

विजूताई नाशिकला रविवार कारंज्याजवळच्या एका खोलीत पुस्तकांची मांडणी करत. टेबलावर कंप्युटर, भिंतीवर जुन्या पोथ्यांची पानं. वही चाळून त्या म्हणाल्या, "अप्पा बरोबर बोलतायत." त्यांनी पुस्तक पोथीसारखं आडवं केलं. अक्षर कंप्युटरवरचं, स्वच्छ, अधू डोळ्यांना पुरेल एवढं मोठं. औषधांची नावं पोथीतल्यासारखी तांबडी. आणि चहूबाजूंनी रुंद, कोरा समास.

"एवढा कागद वाया?" मी कुरकुरलो.

"वाया नाही हो, राखीव."

पोथीचं पान वरच्या बाजूला उलटतात, म्हणून त्याची पाठ उलटी छापावी लागते. ताईंनी तशीच छापून घेतली. बाइंडर नामदेवनं मात्र सवयीनं डावीकडे शिवण घातली. पुस्तक उघडलं, तर एक पान सुलटं, एक उलटं... आणि सगळ्या प्रती तशाच! दुसऱ्या दिवशी अप्पांकडे जायचं होतं. माझा चेहरा पडला.

"ताई, वाचणाऱ्यानं शीर्षासन करायचं का?" नामदेव म्हणाला.

ताईंना हसू आवरेना. "चूक माझी रे. तुला एक पान उलटून दाखवायला हवं होतं." मग त्यांनी सगळ्या प्रतींची शिवण कापायला लावली. समास रुंद होता म्हणून अक्षराला धक्का लागला नाही. सुटी पानं त्यांनी दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून लाल कापडात बांधली. "शिवायलाच नको होतं. मलाही हे आत्ता कळतंय."

दुसऱ्या दिवशी ताई आणि मी सायखेड्याला गेलो. अप्पांनी गाठ सोडली. पान वर उलटलं. अक्षरं सरळ आली. कितीतरी वेळ ते समासावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "ताई, पेन्शिल हाय का?" अडुळशाच्या काढ्यापाशी त्यांनी लिहिलं, 'पोरांना मध जास्त.'

अप्पा गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. परवा पुण्याहून लेक आली ती खोकतच. मी लाल कापड सोडलं. तिनं पान वाचून काढा केला, दोन दिवस तोंड वाकडं करत घेतला, आणि मग पेन्सिल मागितली. अप्पांच्या ओळीखाली मी ताईंसाठी एका ओळीची जागा सोडायला सांगितली. त्याखाली तिनं लिहिलं, 'चव वाईट. पण खोकला थांबतो.'

त्याच्याखाली अजून पुष्कळ जागा आहे.