ट्यूबलाइटखाली हिरवट दिसलेली भिंत

दुपारी मी बैठकीच्या खिडकीला खसाची, म्हणजे वाळ्याची ताटी लावली, अंधार झाला म्हणून ट्यूबलाइट पेटवली आणि भिंतीकडे वळलो. सकाळी उन्हात छान क्रीम दिसलेली भिंत आता हिरवट दिसत होती. शुक्रवार होता. रविवारी चार वाजता त्या घरी अमरावतीहून पाहुणे येणार होते.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात मी पेंटिंगची कामं नुकतीच स्वतःच्या नावावर घ्यायला लागलो होतो. घर डोंगरे बाबूजींचं. ते हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. भिंतींना वर्षानुवर्षं नीळ घातलेला चुना होता. त्यांनी सांगितलं होतं, "पांढरा नको, पिवळाही नको. त्याच्या मधातला पाहिजे, जरा ऊबदार." काहून, ते सांगितलं नव्हतं.

तेव्हा मशीनवर शेड बनवून मिळत नसे. पांढरं डिस्टेंपर बादलीत कालवायचं आणि त्यात स्टेनर, म्हणजे घट्ट रंग, थेंबाथेंबानं टाकायचा. ओला रंग गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. म्हणून आधी भिंतीवर हातभर पट्टा मारून वाट पाहायची, आणि तो खोलीतल्या दिव्याखालीही पाहायचा. मी उन्हात पाहिला आणि सरळ अख्खी भिंत मारून मोकळा झालो.

बाबूजी आत आले. भिंतीजवळ गेले.

"मिस्त्री, हा तं हिरवा दिसून राहिला."

"दुरुस्त करतो, बाबूजी."

"परवा पाहुणे येतात." मग त्यांनी आत हाक मारली, "कुसुम, इकडं ये वं."

कुसुम त्यांची मुलगी. शाळेत शिक्षिका, वय सत्तावीस-अठ्ठावीस. हातात तपासायच्या पेपरांचा गठ्ठा घेऊनच ती बाहेर आली. बाबूजींनी तिला भिंतीपुढे उभं केलं. एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा तिच्या चेहऱ्याकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कुसुम सावळी होती.

"बाबा, मले काहून उभं केलं?"

"चेहरा कसा दिसते ते पाहून राहिलो," बाबूजी हळूच म्हणाले. "आधीच्या दोन स्थळांनी काय कळवलं, तुले माहीत आहे ना."

ती चिडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, खरं सांगा. भिंतीच्या रंगानं असं काही होते का?"

नाही म्हणालो असतो तर बरं झालं असतं. पण ते माझं काम होतं.

"थोडंसं होते," मी म्हणालो. "निळसर-हिरवट भिंतीपुढं सावळा माणूस आजाऱ्यासारखा दिसते. पण तुम्ही उभ्या नका राहू. माझा हात आहे ना."

मी बाही वर करून कोपरापर्यंतचा हात भिंतीला लावला. माझा रंग तिच्यापेक्षाही काळा. तिनं त्या हाताकडे क्षणभर पाहिलं आणि पेपर तपासायला आत गेली.

पिवळा स्टेनर ट्यूबखाली हिरव्याकडे झुकतो. त्याला लाल ऑक्साइडचा थोडा हात दिला की तो परत येतो. जास्त झाला तर भिंत गुलाबी. मी चार मगांत चार प्रमाणं कालवली आणि चार पट्टे मारले. दर थोड्या वेळानं बाबूजी दारात येऊन विचारत, "वाळला का?" बोट लावलं तर डाग पडेल म्हणून मी नुसता पाहत बसलो होतो. पहिले दोन पट्टे पिवळे पडले. चौथा गुलाबी. तिसऱ्याला हात लावून पाहिला तेव्हा हात हातासारखा दिसला.

आता वेगळीच धास्ती. हातानं बनवलेली शेड दुसऱ्यांदा तशीच येत नाही, म्हणून सगळ्या खोलीला पुरेल एवढा रंग एकाच वेळी कालवावा लागतो. मी दोनदा भिंती मोजल्या. शनिवारी सकाळी रंगाचा एक हात मारला, तो वाळल्यावर दुपारी दुसरा. शेवटच्या कोपऱ्याशी आलो तेव्हा बादलीचा तळ दिसत होता. कसाबसा पुरला.

रविवारी चार वाजता मी घरीच होतो. काही सुचत नव्हतं. बायको म्हणाली, "पोरगी त्यायची, तुम्ही काहून येरझारा घालून राहिले?"

सोमवारी माझी शिडी आणायला गेलो. दार कुसुमनं उघडलं.

"जमलं का?" मी विचारलं.

"भिंत आवडली त्यायले," ती म्हणाली. "मुलाच्या आईनं बाबांले विचारलं, कोण्या मिस्त्रीनं मारली. मग मले म्हणाली, चाल वं पोरी, जरा अंगणात ये, उन्हात पाहू दे."

"मग?"

"मी नाही गेली. म्हटलं, पाहाचं ते इथंच पाहा. ते चहा पिऊन निघून गेले."

आत बाबूजी खुर्चीवर बसले होते. "काम चांगलं केलं तुम्ही," एवढंच म्हणाले. मी शिडी खांद्यावर घेतली आणि निघालो.

दोन वर्षांनी कुसुमचं लग्न झालं. नवरा काटोलचा, शिक्षकच. पेपर तपासण्याच्या केंद्रावर शेजारी बसायचा. हे बाबूजींनी मला मागच्या खोल्या रंगवायला बोलावलं तेव्हा सांगितलं.

ती तिसऱ्या पट्ट्याची शेड मी पुढे पुष्कळ घरांत मारली. चांगली शेड आहे. मारण्याआधी गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी विचारतो: खोलीत ट्यूब आहे की बल्ब, आणि खिडकी कोणत्या दिशेला. कोणासाठी रंगवून राहिले, हे विचारत नाही. ते कळलं की ब्रश एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरतो, आणि भिंतीवर त्याच्या रेघा दिसतात.