सुतळीच्या तीन गाठी

शहराबाहेर बेसाला फ्लॅट बघायला गेलो, तेव्हा आमच्या काकूंनी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंनी, पिशवीतून एक सुतळी काढली. तिला तीन गाठी : लांबीची, रुंदीची, उंचीची. बिल्डरचा माणूस आम्हाला जिमचं कौतुक सांगत होता आणि काकू बेडरूमच्या फरशीवर बसून सुतळी अंथरत होत्या. शेवटी उठून म्हणाल्या, "पलंग मावला. आता तुमी कुठंही मावा."

हा पलंग त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वडिलांनी सावनेरला घडवून घेतलेला, दीडएकशे वर्षांपूर्वी. काळंभोर सागवान, मच्छरदाणीचे चार खांब आणि चढायला पायरी! त्या काळी घरात पलंग एकच असे. पुरुष ओसरीवर, बायका माजघरात, सगळे जमिनीवर. पलंग फक्त पाहुण्याचा. काकू हे अशा थाटात सांगत, जणू त्या घरात रोज समई लावायला त्याच होत्या. नियमही त्यांनी जसाच्या तसा सातव्या मजल्यावर आणला. दिवसा पलंगावर गाद्यांची चळत, रात्री खाली सतरंजीवर काकू. लग्न होऊन आल्यापासून त्या एकदाही पलंगावर झोपल्या नव्हत्या.

सामान आलं त्या दिवशी सुतार म्हणाला, खांब कापल्याशिवाय पलंग लिफ्टमध्ये जायचा नाही. "करवत ठेव गा खाली," काकू म्हणाल्या, "याले एक खिळा नाही." लाकडी हातोडीने त्यांनी एकेक पाचर सैल केली आणि अर्ध्या तासात पलंग सुटा करून ठेवला. सुताराने करवत पिशवीत घातली आणि चहा प्यायला बसला.

एकदा भर मे महिन्यात खापरखेड्याहून फ्रिजवाला आला आणि उन्हाने चक्कर येऊन बसला. काकूंनी त्याला पन्हं पाजून थेट पलंगावर झोपवलं. पठ्ठ्या तीन तास घोरला. फ्रिज तसाच बंद.

पुढे काकूंचे गुडघे गेले. जमिनीवर झोपायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं. मी पुण्याची, तोंडाने फटकळ. रोज भांडायचे. "पलंग काय शोभेला आहे का?"

"काहून वं? पाहुणा आला तं त्याले सांगू का, थांब बापा, मी उठते म्हणून?"

दोन वर्षं हेच चाललं. सकाळी त्यांना हाताला धरून उठवताना माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा.

गेल्या वर्षी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टरांनी आम्हाला काय ते सांगितलं होतं, त्यांना नव्हतं. मी खाली गादी घालू लागले, तर म्हणाल्या, "वरच टाक आज."

जिंकले बाई एकदाची! मी चिडवलं, "मोडला ना नियम?"

"मोडला कुठं? आता मीच पाहुणी आहो, पोरी." आणि लगेच, "चादर धुतलेली घाल. पाहुण्याले वापरलेली देते का कोणी?"

मला रडू आवरेना, त्या मात्र हसत होत्या. पाहुणीने अकरा दिवस मुक्काम केला. वरणाला नावं ठेवली, पडदे बदलायला लावले, दोनदा साबुदाण्याची खिचडी मागितली.

आता माझेही गुडघे कुरकुरतात. परवा मुलगी म्हणाली, "आई, एवढा पलंग रिकामा आहे, वर झोप ना."

माझ्या पुणेरी तोंडून निघालं, "काहून वं? आणि पाहुणा आला तं?"