खांड परली

घणसोलीच्या गोटीराम मढवींना गाव मरेपर्यंत ‘आमदार’च म्हणत राहिलं. खरं तर आमदारकी एकाच खेपेची. सत्तावन्न साली खाडीपट्टीतल्या आगऱ्या-कोळ्यांनी त्यांना डोक्यावर घेऊन मुंबईला पाठवलं आणि बासष्ट साली तितक्याच प्रेमाने घरी बसवलं. मिठागरावर राबलेल्या बापाचा मुलगा, शाळा चौथीपर्यंत. पण विधानसभेत हा माणूस उभा राहिला की कोटवाले कागद खाली ठेवून ऐकायचे.

पडल्यावर पांढरपेशा पुढारी महामंडळ शोधतो. गोटीरामांना कुणी विचारलंच नाही. तेवढ्यात ठाणे-बेलापूर रस्त्याला रंगाचा कारखाना उभा राहिला. मालक जसुभाई शेठ. जमिनी गेलेली पोरं फाटकावर दगड घेऊन उभी राहिली, तेव्हा शेठनी ओळखलं की इथे इंग्रजी बोलणारा मॅनेजर चालायचा नाही. त्यांनी गोटीरामांनाच खुर्ची दिली.

“आधी माझ्या गावची माणसं कामावर,” गोटीराम म्हणाले.

“घेतो ने,” शेठ म्हणाले. “पण एक दिवस काम टाकून गेले, तर बाहेरचा माणूस आणणार. मग मला बोलायचा नाय.”

गोटीरामांनी शब्द दिला. गावाने टोमणा दिला, “मतं आमची, साहेब शेटचा.” ते ऐकून घेत. रागीट माणूस, पण त्या खुर्चीमुळे गावातल्या चुली पेटत होत्या, हे त्यांना ठाऊक होतं.

सहासष्ट सालच्या श्रावणात, अमावास्येच्या उधाणाला, शेठ कारखाना बघायला आले होते. दुपारी गावातला नामा भोईर चिखलाने माखून धावत फाटकावर आला.

“खांड परली! खांड परली!”

खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा बांध असतो. तो फुटून खिंडार पडलं की ती खांड. ती पुढच्या भरतीआधी बुजवली नाही, तर खारं पाणी शेतात बसतं आणि दोन-तीन वर्षं भाताची काडी उगवत नाही. म्हणून रीत अशी की खांड पडली की घरटी एक माणूस बांधावर. सबब चालत नाही. ज्या घराचा माणूस येत नाही, ते घर गावात मोजत नाहीत.

क्षणात यंत्रं थांबली, माणसं फाटकाशी आली. शेठ गोंधळले. त्यांच्या गुजरातीत खांड म्हणजे साखर.

“खांड पडली तर भरून घ्या ने,” ते म्हणाले. “त्याला एवढा माणूस कशाला?”

नामा दम खात म्हणाला, “शेट, ही खांड गोड नाय. खारी हाय.”

सगळे हसले. गोटीराम हसले नाहीत. फाटक उघडलं तर दिलेला शब्द जाणार, उद्या बाहेरची माणसं येणार. बंद ठेवलं तर भात जाणार. घाम पुसता पुसता त्यांना रीतच आठवली. ते स्टुलावर चढले.

“ज्याचा भाऊ नायतर बाप बांधावर गेलाय, त्याने भट्टीपाशी थांबायचं. घरटी एकच लागतो. बाकीचे चला.”

काम बंद पडलं नाही. थांबणारे थांबले, जाणारे निघाले. वामन तेवढा जागचा हलला नाही. जिभेचा तिखट माणूस.

“आनि आमदार, तुमच्या घरचा कोन?”

गोटीरामांना मुलगा नाही, भाऊ नाही. विधानसभेत होते तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचार केला नव्हता. ते स्टुलावरून उतरले, बूट काढले.

“शेठ, मी जातो. आल्यावर खुर्ची ठेवायची की नाही, ते तुम्ही बघा.”

बांधावर माणसांची रांग लागली होती. चिखलाची घमेली हातोहात खांडीकडे जात होती. रांगेत मध्येच, कासोटा खोचून, गुडघाभर चिखलात सगुणा उभी होती. त्यांची बायको.

“तू इथं?”

“दर खांडीला असते,” घमेलं पुढे देत ती म्हणाली. “तुमी मुंबईला भासनं करत होता, तवा घराने काय तोंड लपवायचं?”

वामन मागेच होता. खाली मान घालून म्हणाला, “वयनी, तुमी असता ते माज्या ध्यानातच रायलं नाय.”

गोटीरामांनी तिच्या शेजारी उभे राहून घमेलं घेतलं.

संध्याकाळी रस्त्यावर मुरुमाचा ट्रक येऊन थांबला, मागे धोतर सावरत शेठ. “भट्टी चालू छे,” एवढंच म्हणाले आणि मुरूम उतरवून घेतला. खांड भरतीआधी बुजली. बाहेरची माणसं कधीच आली नाहीत. पुढे गोटीराम त्याच कारखान्यात मोठे मॅनेजर झाले.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आरोळी आली तेव्हा रविवार होता. गोटीराम ओटीवर होते. सगुणाने कोपऱ्यातलं फावडं आणून त्यांच्या पायाशी ठेवलं.

“जा आता. घरटी एकच लागतो.”

त्यांनी फावडं आधी कपाळाला लावलं, मग खांद्यावर घेतलं.

“कपालाला कशाला?” ती म्हणाली. “देव हाय का तो?”

“दांडा बघ,” ते म्हणाले. “तुझ्या हातानं गुळगुळीत झालाय.”