किल्लीचं घुंगरू

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. एकदा मैत्रिणीला सांगायचं म्हणून मुद्दाम चहाला बोलावलं, आणि मग मुलांच्या परीक्षांवरच बोलत बसले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल — बघते.

मांजरसुंब्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक वस्ती आहे. तिथल्या प्राथमिक शाळेत मी शिक्षिका होते. दोन खोल्या, एक व्हरांडा, आणि शिकवायला मी एकटी. राहायचे बीडला, रोज जीपने ये-जा. कागदोपत्री मात्र मुक्काम गावात. तेही खोटंच की — पण ते सगळ्यांचंच, त्याची लाज कुणाला वाटत नाही. मला सांगायचंय ते वेगळं.

मला वेळेचं भारी वेड. म्हणजे दुसऱ्यांच्या वेळेचं. रोज परिपाठाला 'शाळेची बातमी' व्हायची — कुणाची शेळी व्याली, कुणाकडे पाहुणे आले, आणि शेवटी, आज उशिरा कोण आलं. तीच बातमी संध्याकाळी मी पालकांच्या ग्रुपवर टाकायचे. त्या शेवटच्या ओळीत एक नाव ठाण मांडून बसलेलं असे. भाग्यश्री. तिसरीतली, सगळे भागी म्हणायचे. तिचं घर वर डोंगरावर, घरात शेळ्या-मेंढ्या. आईबरोबर दूध काढून, करडं कोंडून, मगच ती खाली उतरायची.

रागावून पाहिलं, बाहेर उभं करून पाहिलं. काही फरक नाही. मग मला एक युक्ती सुचली, आणि ती चांगली होती हे मी आजही म्हणेन. शाळेच्या दाराची किल्ली मी तिच्याच हातात दिली. जी सगळ्यांत शेवटी येते, तिनंच शाळा उघडायची.

दुसऱ्या दिवशी पोहोचले तर शाळा उघडी आणि व्हरांडा झाडलेला. तिच्या आईनं किल्ली काळ्या दोऱ्यात ओवली होती आणि हरवू नये म्हणून तिला करडाच्या गळ्यातलं घुंगरू बांधलं होतं. ते वाजत वस्तीतून गेलं की पोरं दप्तरं उचलायची. घंटेची गरजच उरली नाही. 'आज उशिरा कुणीच नाही' — अशी बातमी मी रोज लिहायला लागले. ग्रुपमधून ती कुठं कुठं पोचली, आणि केंद्रप्रमुख साहेबांचा फोन आला की तुमची वेळेवर भरणारी शाळा बघायला एकदा येतो. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग तो शनिवार. काही कागद आवरायचे होते म्हणून भागीला म्हणाले, तू जा, कुलूप मी लावते. किल्ली जाताना कुणाजवळ तरी तिच्यासाठी द्यायची, असं मनात होतं. पण फाट्यावर जीप उभी दिसली आणि मी पळाले. किल्ली पर्समध्येच राहिली. रविवारी बहिणीकडे हळद होती. सोमवारी जागच उशिरा आली, नेहमीची जीप निघून गेली होती.

फाट्यावरून चालत आले तर शाळेपुढे साहेबांची मोटारसायकल. मुलं बंद दारासमोर रांगेत उभी — कुणी न सांगता. सगळ्यांत पुढे भागी, रिकाम्या हातांनी. किल्ली कुणाकडे असते, असं साहेबांनी विचारलं होतं आणि मुलांनी तिच्याकडे बोट दाखवलं होतं. ती फाट्याच्या वाटेकडे बघत होती. बाई आल्या की सांगतील, असंच तिला वाटलं असणार, नाही का?

बाई आल्या. साहेबांना म्हणाल्या, वस्तीवर एका पालकांकडे गेले होते. आणि मग — थांबा, हे नीट सांगते. कारण पुढे कितीतरी दिवस मी स्वतःची समजूत घालत राहिले की मी खोटं बोललेच नाही, नुसतं विचारलं.

"भागी, किल्ली आणली नाहीस का गं आज?"

तिनं माझ्या पर्सकडे पाहिलं. एकदाच. मी पर्स काखेत घट्ट दाबून धरली होती. कशासाठी? घुंगरू वाजू नये म्हणून.

घरी बघून ये, म्हणाले. आणि ती गेली. किल्ली तिथं नाही हे ठाऊक असूनही डोंगर चढून गेली, कारण बाईंनी सांगितलं होतं. तेवढ्या वेळात मला पर्स उघडता आली नसती? आली असती. मी साहेबांना मुलांची चित्रं दाखवत होते. ती घामाघूम होऊन परतली आणि माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाली, "न्हाई सापडत. हारवली असंल."

कुलूप दगडानं फोडलं. संध्याकाळी ग्रुपवर मी लिहिलं — एका विद्यार्थिनीकडून किल्ली हरवल्यामुळे आज शाळा उशिरा उघडली, पालकांनी लक्ष द्यावे. नाव घातलं नाही, हा माझा मोठेपणा. किल्ली कुणाकडे असते हे वस्तीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली, भागीला पुढे घालून. व्हरांड्याखालीच उभी राहिली.

"बाई, लई मारलं मी तिला. तरी काय बोलंना, नुसतं हारवली म्हनती. तुमी राग धरू नका."

आणि मी? भागीच्या दंडावर वळ दिसत होते. मी म्हणाले, "जाऊ द्या हो, लहान आहे. मी माफ केलंय तिला."

हेच ते. उशीर नव्हे, किल्लीही नव्हे. मी तिला माफ केलं, हे.

नवी किल्ली दुसऱ्या मुलीकडे दिली. भागी मात्र त्यानंतरही रोज सगळ्यांच्या आधी यायची आणि दार उघडेपर्यंत पायरीवर बसून राहायची. ती उशिरा आली असती तर मला बरं वाटलं असतं. पुढे मी बदली मागून घेतली. अजूनही प्रशिक्षणात मला किल्लीच्या प्रयोगावर बोलायला सांगतात, आणि मी बोलते. त्या शनिवारच्या आधीपर्यंतचंच सांगते. लोक टाळ्या वाजवतात.

किल्ली माझ्या कपाटात आहे, घुंगरासकट.

त्या सोमवारची बातमी अशी हवी होती — आज शाळा उशिरा उघडली. उशीर बाईंना झाला. किल्ली बाईंच्या पर्समध्ये होती. भाग्यश्री वेळेवर आली होती.