फोन एकही सुटता कामा नये

"पहेला जग्या बोलो, पछी रडजो." आधी जागा सांगा, मग रडा. आमच्या कंट्रोल रूममध्ये सगळ्यात जुन्या ऑपरेटरचं, काकांचं, हे वाक्य दिवसातून वीसदा तरी ऐकू यायचं. समोरचा माणूस मराठी निघाला तर मराठीत, नाहीतर गुजरातीत. बडोद्यात कुठे आग लागली, अपघात झाला, कुणाच्या छातीत कळ आली, की फोन आमच्याकडे यायचा आणि आम्ही बंब किंवा ॲम्ब्युलन्स धाडायचो. पहिल्या दिवशी मी काकांच्या शेजारी बसले तेव्हा मनात आलं, काय दगडी काळजाचा माणूस आहे!

आठवड्याभरातच एक फोन आला. लहरीपुऱ्यातून एक बाई नुसती किंचाळत होती. काकांनी विचारलं, "बहेन, समोर काय दिसतंय?" बांगड्यांचं दुकान. "त्याच्या बाजूला?" गंजलेला हातपंप. काकांनी बंबवाल्याला थेट गल्लीच सांगितली. गाडी निघाल्याचं कळल्यावर ते त्या बाईला म्हणाले, "हां, आता रडा." आणि बंब पोचेपर्यंत तिचं रडणं ऐकत बसून राहिले.

घरी लग्नपत्रिका आली तरी काका आधी पत्ता वाचायचे आणि लाल पेनाने सुधारायचे. "यात पाण्याची टाकी कुठंय? पाहुणा पोचणार कसा?"

त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांना मरेपर्यंत पेन्शन मिळाली, हे काका फार अभिमानाने सांगायचे. मग हसून म्हणायचे, "आणि मी कोण? ऑपरेटर." कागदावर आम्ही खरोखरच तेवढेच होतो. बंबावरच्या जवानांना आणि ड्रायव्हरांना जोखमीचं काम म्हणून निवृत्तीनंतर पेन्शन होती, दवाखान्याची सोय होती. त्यांना वाट दाखवणाऱ्या आम्हाला शाल आणि श्रीफळ.

आमच्यातली एक बाई निवृत्त झाली आणि तीन महिन्यांनी परत दारात उभी राहिली. सतत हेडफोन लावून तिचा डावा कान गेला होता. "झाडूपोछ्याचं काम असेल तर सांगा," असं ती काकांनाच म्हणाली. तिला खुर्ची द्यायचंही कुणाला सुचलं नाही. काकांनी तिला चहा पाजला, रिक्षात बसवलं, आणि आत येऊन वहीतून एक कोरा कागद फाडला. तो आमचा पहिला अर्ज.

सुट्टीच्या दिवशी काका तो अर्ज घेऊन सह्यांसाठी घरोघर फिरू लागले. छाणीला माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या पोटात आधीच एका घरचा उपमा आणि दुसऱ्या घरचा हांडवो होता. "सह्या दोन, आणि वजन दोन किलो," म्हणाले. पण बरेचजण दार अर्धंच उघडायचे. नोकरी गेली तर? काका रागवायचे नाहीत. "विचार कर, बेटा. मी पुढच्या रविवारी येतो," म्हणायचे, आणि खरंच यायचे.

अखेर कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी आम्हाला भेटायला बोलावलं. मीही होते. साहेब हसून म्हणाले, "काका, तुम्ही तर पंख्याखाली बसून काम करता. तुम्हाला कसली जोखीम?"

काका म्हणाले, "साहेब, माणूस जातो ते घरच्यांच्या आधी मला फोनवर कळतं. तेवढीच."

साहेबांनी आमच्यासाठी चहा मागवला. अर्ज खणात ठेवला.

मग आम्ही कचेरीसमोर धरणं धरलं. पण काकांची अट होती : ज्याची ड्यूटी संपेल त्यानंच येऊन बसायचं. फोन एकही सुटता कामा नये. आम्ही आठ तास हेडफोन लावून यायचो आणि उन्हात बसायचो. शहराला काही कळलंच नाही. कळणार कसं? सगळे फोन उचलले जात होते. एक दिवस आमच्यातलाच एकजण वैतागून म्हणाला, "काका, फक्त एक तास फोन बंद ठेवू. बघा कसे धावत येतात."

"आणि त्या तासात मरेल तो कोण?" काका म्हणाले. "तुझा साहेब नाही मरणार."

पण फोन बंद ठेवू म्हणणारा तो चूक होता, असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

तीन वर्षं अशी गेली. मधल्या काळात काका निवृत्त झाले, तरी रोज धरण्याला यायचे. त्यांच्या निवृत्तीनंतर चार महिन्यांनी हुकूम निघाला. पेन्शन मिळणार, दवाखान्याचं कार्ड मिळणार. पण हुकमाच्या दिवशी जे नोकरीत आहेत त्यांनाच. आधीच्या लोकांसाठी पुन्हा मागणी करणार नाही, असं आम्ही लिहून द्यायचं होतं. सह्यांसाठी साहेबांनी आमच्यातल्या काहीजणांना आत बोलावलं, त्या खोलीत काका नव्हते. निवृत्त माणसाला आत सोडत नव्हते.

मी बाहेर येऊन त्यांना फोन केला. सगळं वाचून दाखवलं.

"सही कर," ते म्हणाले.

"पण काका, तुमचं काय?"

"मी विचारलं का?"

मी आत गेले आणि सही केली. आम्ही सहाजण होतो, सहाहीजणांनी केली. एक दिवस थांबू या, असं एकानंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी कंट्रोलमध्ये पेढे वाटले, साहेबांचं भाषण झालं. काकांना दुसऱ्या कुणीतरी बोलावलं असेल, असं मी धरून चालले. प्रत्येकानं तेच धरलं होतं.

तुम्हाला वाटेल, निदान मी लगेच त्यांच्या घरी गेले असेन. मला नऊ महिने लागले. तोवर ते सयाजीगंजातल्या एका सोसायटीत वॉचमन झाल्याचं कानावर आलं होतं. मी दुपारी तिथे गेले. निळा शर्ट त्यांना खांद्यात मोठा होत होता. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"तुझ्या सासूबाईंचं अडलेलं ऑपरेशन झालं?"

"झालं. कार्डावर झालं."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. माफी मागायचं मी रस्ताभर घोकलं होतं.

एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी गाडीतून उतरले आणि आमच्याकडे बघू लागले. काकांनी घाईघाईने आल्यागेल्याची वही उघडली, माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, ३०२.

"वर जाऊन ये," ते हळूच म्हणाले. "वॉचमनकडे पाहुणा आलेला यांना चालत नाही."

मी लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेले. अनोळखी दारासमोर थोडा वेळ उभी राहिले आणि जिन्याने खाली आले. काका बादली घेऊन सेक्रेटरींची गाडी धूत होते. मी जवळून गेले, तरी त्यांनी वर पाहिलं नाही.