कासवाच्या पेटीतली ऊब

सासऱ्यांचं कासव आजारी पडलं ते ऐंशीच्या दशकातल्या एका दुष्काळी हिवाळ्यात. उमरग्यात तेव्हा रोज ढग यायचे, पाऊस मात्र यायचा नाही. नुसता बोचरा वारा सुटायचा. मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत होते. नवरा सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात वायरमन होता. जनावरं चारा छावणीत गेलेली, दूध आटलेलं, त्यामुळं केंद्रातली निम्मी यंत्रं बंद होती आणि नवऱ्याची नोकरी आज आहे, उद्या नाही अशी टांगलेली होती.

त्याच्या वर्षभर आधी सासऱ्यांना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. 'व्हय' आणि 'न्हाय' हे दोनच शब्द राहिले. ज्या माणसानं पाझर तलावाच्या कामावर मुकादमी केली, शंभर माणसांना हाका मारल्या, त्याला पाणी मागायलासुद्धा बोट दाखवावं लागे. त्याच तलावाच्या कामावर, सुरुंगानं उडालेल्या दगडांमध्ये त्यांना हे कासव सापडलं होतं. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, कोरड्या रानातलं कासव. आज असं कासव घरात ठेवता येत नाही, कायद्याची बंदी आहे. तेव्हा आम्हाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. सासरे आजारी पडल्यावर ते कासव दिवसभर त्यांच्या खाटेखाली असायचं. डावा हात खाली सोडून ते त्याची पाठ चाचपत राहायचे. घरात कुणाशी बोलायचं नसलं की त्यांचा हात तिकडं जायचा.

एका सकाळी त्या हातानं मला खूण केली. मी वाकून पाहिलं. कासवाच्या नाकातून बुडबुडे येत होते आणि ते मान लांब करून तोंडानं श्वास घेत होतं.

छावणीवरचे जनावरांचे डॉक्टर घरी आले. म्हशी-बैल तपासून दमलेला माणूस. पण त्यांनी कासव उलटंपालटं करून नीट पाहिलं.

"छातीत सर्दी आहे. इंजेक्शन देतो, पण एक सांगतो, बाई. याला आपल्यासारखी अंगची ऊब नसते. गार अंगात औषध चालत नाही. याला तीस अंशांच्या थोडं वर ठेवा, सारखं. त्याखाली गेलं तर औषध वाया, आणि लई वर गेलं तर कासवच जाईल."

"मामा, ऐकलंत ना? बरं होईल ते," मी सासऱ्यांना म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले. पण नजर डॉक्टरांवरच होती.

नवऱ्यानं चहाच्या रिकाम्या पेटीत दोन बल्ब बसवले. शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर मी हेडमास्तरांना विचारून आणला. मग आमचं काम सुरू झालं. पारा वर गेला की बल्ब बंद, खाली आला की चालू. मी घरी असताना मी, नवरा असताना नवरा. दोघंही बाहेर असलो की शेजारच्या वहिनी अधूनमधून येऊन बघायच्या. त्यांना पारा वाचायला मी शिकवलं होतं.

त्या दिवशी वहिनींना छावणीवर जावं लागलं. त्यांच्या बैलानं अंग टाकलं होतं. सकाळी विजेचा दाब इतका कमी होता, की बल्ब मिणमिणत होते. म्हणून मी ते चालू ठेवूनच शाळेत गेले. मधल्या सुट्टीत घरी चक्कर टाकू, असा विचार होता.

मधल्या सुट्टीत मी गल्लीत शिरले तेव्हाच आवाज ऐकू आला. "न्हाय! न्हाय! न्हाय!"

दार ढकललं. सासरे खाटेवरून खाली पडले होते. डाव्या कोपरावर अंग ओढत ते भिंतीकडं निघाले होते. स्विच भिंतीवर उंच होता, त्यांचा हात तिथं पोचणार नव्हता हे त्यांनाही कळत असणार. कोपर सोलून निघालं होतं. आणि पेटीत बल्ब लखलखत होते. विजेचा दाब एकदम वाढला होता. कासव पेटीच्या कोपऱ्यात उभं राहून फळीवर नखं घासत होतं. तोंडाला फेस आला होता. थर्मामीटर बघायला मी थांबलेच नाही. स्विच बंद केला, कासव उचललं. त्याची पाठ तव्यासारखी लागली. ओल्या फडक्यात गुंडाळून ते सावलीत ठेवलं, मग सासऱ्यांना उठवायला गेले. त्यांनी माझा हात झटकला आणि कासवाकडं बोट केलं.

"जिवंत आहे, मामा. मान हलवतंय."

तेव्हा कुठं त्यांनी मला अंगाला हात लावू दिला.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं बापाचं कोपर उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाला, "माणसाच्या भरवशावर हे चालणार न्हाय. आपोआप बंद-चालू होणारं काहीतरी पायजे."

दुसऱ्या दिवशी तो केंद्रातून एक थर्मोस्टॅट घेऊन आला. दुधाच्या टाकीचा, तांब्याची बारीक नळी लावलेला. मला बघताक्षणी भीती वाटली.

"विचारून आणलात का?"

"बंदच हाय की ते यंत्र."

"ते नाही विचारलं मी. उद्या यंत्रं मोजायला कुणी आलं आणि हे आपल्या घरात सापडलं तर? आधीच माणसं कमी करायची बोलणी चाललीत."

"आन् कासव मेलं तर? दादांचं काय होईल, सांग ना!"

त्याचे दादा, म्हणजे माझे सासरे, खाटेवरून आमच्याकडं बघत होते. आम्ही दोघं आवाज खाली आणून भांडत राहिलो. शेवटी मी त्या थर्मोस्टॅटची तबकडी उजेडात धरली. तो दूध गार ठेवणारा. त्याचे आकडे विसाच्या आतच संपत होते. आमच्या कामाचा तो नव्हताच. नवऱ्यानं तो माझ्या हातून घेतला, पिशवीत टाकला, आणि सकाळी कामावर जाताना पुन्हा जागच्या जागी ठेवला.

रविवारी वहिनींना घरी बसवून आम्ही दोघं एस.टी.नं सोलापूरला गेलो. कासवाचा श्वास आदल्या रात्रीपासून आणखी जड झाला होता. उशीर करायला जागाच नव्हती.

विजेच्या सामानाच्या दुकानात नवऱ्यानं गिझरचा थर्मोस्टॅट हातात घेतला आणि तो खूश झाला. जाड दांडी, वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट दणकट.

"हे घेऊ. वर्षानुवर्षं मरत न्हाय."

"पण हा बंद कधी होतो, परत चालू कधी होतो?" मी दुकानदाराला विचारलं.

दुकानदार हसला. "बाई, आंघोळीच्या पाण्याला काय करायचंय इतकं? होतो दहा-बारा अंश उतरल्यावर."

म्हणजे कासव एकदा भाजणार आणि एकदा गारठणार. मी नको म्हटलं. नवऱ्यानं ओठ आवळून तो परत ठेवला.

कोंबड्यांचं खाद्य आणि सामान विकणाऱ्या दुकानात दुसरी वस्तू मिळाली. अंडी उबवायच्या पेटीत असते ती पितळी चकती. आत ईथर हे चटकन वाफ होणारं रसायन भरलेलं. ऊब लागली की चकती फुगते, फुगली की एक छोटं बटण दाबलं जातं आणि बल्ब बंद होतो. अंश-दीड अंशाच्या फरकावर काम करते, असं दुकानदार म्हणाला. मला हेच हवं होतं.

नवऱ्यानं ती बोटांत धरून फिरवली. बिस्किटाएवढी पातळ. "हिला भोक पडलं तर?"

दुकानदार खरं बोलणारा निघाला. "मग ईथर उडून जातं. चकती फुगतच नाही."

"म्हंजे बल्ब?"

"चालूच राहणार."

माझ्या डोळ्यांपुढं पेटीतला तो कोपरा आला, फळीवर घासणारी नखं आली. नवरा बरोबर होता. माझीही निवड बरोबर होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि म्हणून काहीच ठरत नव्हतं. दुकानाबाहेर उभं राहून आम्ही रस्त्यावरच वाद घातला. तो म्हणाला, तुझी चकती फसली तर कासव तासाभरात जाईल. मी म्हटलं, तुमची दांडी न फसताच त्याला मारेल, फक्त हळूहळू. लोक वळून बघत होते.

मग तो मध्येच थांबला. "दोन्ही घेतले तर?"

"दोन्ही कशाला?"

"एका वायरीत एकामागं एक. रोजचं काम चकती करंल. दांडी थोड्या वरच्या आकड्यावर लावायची. चकती फसली की दांडी वीज तोडंल. दोघींची जातच येगळी हाय, एका कारणानं दोन्ही बिघडायच्या न्हाईत."

आठवडाभरात आम्ही पहिल्यांदा एका बाजूला उभे होतो.

दोन्ही घेऊन घरी आल्यावर त्यानं ते पेटीत बसवलं. त्याला लगेच कासव पेटीत ठेवायचं होतं. मी आडवी आले.

"आधी रिकामी पेटी चालवून बघायची. आणि चकती काढून बघायची."

"अगं, त्याचा श्वास बघ! किती वेळ दवडायचा?"

"त्या दिवशी मामा जमिनीवरून सरपटत होते. मी बघितलंय. तुम्ही नाही बघितलं."

त्यानं हातातलं कासव माझ्याकडं दिलं. मी ते फडक्यात गुंडाळून सासऱ्यांच्या पोटाशी दिलं, वरून गोधडी टाकली. रिकामी पेटी चालू केली. चकतीनं आपलं काम चोख केलं: पारा तिसाच्या वर चढला, बल्ब विझले, थोडा उतरला, बल्ब लागले. पेचकसानं स्क्रू हळूहळू फिरवून आम्ही ती हवी तशी लावली.

मग नवऱ्यानं चकती काढून घेतली. ती फुटलीय, असं समजायचं. बल्ब पेटलेलेच राहिले. आता फक्त दांडीवर भरवसा. पारा चढत गेला. जिथं दांडीनं वीज तोडायला हवी ती खूण आली आणि गेली. मी नवऱ्याकडं पाहिलं. त्याची नजर पाऱ्यावरच होती. पारा आणखी चढला. सासरे मान उचलून पेटीकडं बघत होते, डावा हात गोधडीखाली कासवावर होता.

"न्हाय," ते हळूच म्हणाले.

"थांबा दादा. जरा थांबा."

मी स्विचकडं हात नेला, आणि तेवढ्यात टक असा आवाज झाला. पेटी अंधारली. पण पारा फार वर गेला होता. आत कासव असतं तर गेलं असतं. गिझरच्या तबकडीवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवून आम्ही बसलो असतो तर सगळंच फुकट होतं. नवऱ्यानं दांडी खाली, बल्बच्या जवळ सरकवली, तबकडी मागं फिरवली आणि पेटी निववून परत सगळं पहिल्यापासून. पुन्हा टक आवाज उशिरा आला. आणखी जवळ, आणखी मागं. अखेर आम्हाला पाहिजे तिथं वीज तुटली. खात्रीसाठी मी आणखी एकदा करून बघायला लावलं, आणि त्या वेळी नवरा चिडला नाही.

कासव पेटीत ठेवलं. डॉक्टर इंजेक्शन देऊन जात होते. वीज गेली की वहिनी तापवलेल्या विटा फडक्यात गुंडाळून आणून द्यायच्या. पहिले काही दिवस फरकच दिसला नाही. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता माझा खडू थांबायचा आणि मी कान देऊन ऐकायची, जणू तिथून गल्लीतला आवाज ऐकू येणार होता. नंतर बुडबुडे कमी झाले. नाक कोरडं पडलं. एका दुपारी नवऱ्यानं छावणीवरून हिरव्या चाऱ्याच्या मूठभर काड्या मागून आणल्या, कारण बाजारात पालेभाजी दिसतच नव्हती. त्यानं एक पान बापाच्या डाव्या हातात दिलं. सासऱ्यांनी हात पेटीत सोडला. आम्ही दोघं मागं उभे होतो. कासवानं मान पुढं काढली, पान हुंगल्यासारखं केलं आणि मागं घेतली. सासऱ्यांनी हात काढला नाही. मग कासवानं पुन्हा मान काढली आणि पानाचा एक लचका तोडला.

"व्हय," सासरे म्हणाले. नंतर नवऱ्याकडं वळून, माझ्याकडं वळून, पुन्हा पुन्हा, "व्हय, व्हय."

नवरा भिंतीकडं तोंड करून पेटीची वायर उगाच तपासत राहिला.